विहिरीत डोकावणारा माणूस

मराठी घेऊन बी.ए. केलेल्यांनी एक टीप कधी ना कधी पाठ केलेली असते: ‘कॅरीचे मराठी व्याकरण’. साल १८०५. छापलं बंगालमधल्या श्रीरामपूरला (आमच्या नगर जिल्ह्यातलं नव्हे हं! कलकत्त्याजवळचं, हुगळीच्या काठचं, ज्याला सेरामपूर असंही म्हणतात). मदतीला वैजनाथ शर्मा नावाचे पंडित. पुढे १८१० साली मोडी अक्षरांतला मराठी कोश. झाली टीप. मला तिला पाचपैकी साडेतीन गुण मिळाले होते, आणि नंतर इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवताना व्याकरणाच्या पहिल्या तासाला कॅरीसाहेबांचं नाव मी हमखास घेत आले.

त्या टिपेत एक गोष्ट मात्र नसते. ज्या घरात बसून हा माणूस आपल्या भाषेचे विभक्तिप्रत्यय मांडत होता, त्याच घरात, शेजारच्या खोलीत त्याची बायको मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत होती. बारा वर्षं. मधे फक्त एक भिंत.

हे आज आठवायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीची बैठक होती. (जे ख्रिस्ती नाहीत अशा माझ्या वाचक मित्रमैत्रिणींसाठी: मंडळी म्हणजे एका चर्चची सभासद माणसं, आणि पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू.) आमचे पाळक तरुण आहेत, पस्तिशीचे. त्यांनी दोन महिन्यांची रजा मागितली होती. झोप लागत नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, एवढंच अर्जात होतं. बैठकीत पहिला प्रश्न आला, “देवाच्या कामातून कसली रजा?” दुसरा आला, “मग लग्नं कोण लावणार?” तिसऱ्याने मोघम काहीतरी टोमणा मारला आणि चारजण हसले. मी गप्प बसले. घरी येऊन स्वतःचाच राग आला. कारण अशी गप्प बसण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. पण ते नंतर.

आधी कॅरी.

विल्यम कॅरी १७६१ साली इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशरमधल्या एका खेड्यात जन्मला. शिकला चांभारकाम. १७८१ साली डोरोथी प्लॅकेट या त्याच्याहून मोठ्या मुलीशी त्याचं लग्न झालं. लग्नाच्या नोंदवहीत डोरोथीने सही केली नाही, फुली केली, कारण तिला लिहिता येत नव्हतं. कॅरी लहानशा बॅप्टिस्ट मंडळ्यांचा पाळक झाला, शाळा चालवू लागला, तरी भागेना म्हणून जोडे शिवतच राहिला. पहिली मुलगी लहानपणीच गेली. पाळकाच्या घरचं दारिद्र्य हा विषय काही नवा नाही!

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग या गावात, एका विधवाबाईंच्या घरात, मूठभर पाळकांनी एक मिशनरी संस्था काढली. त्या दिवशी जमलेल्या वर्गणीचा आकडा प्रसिद्ध आहे: १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. संस्थेचा सचिव झाला अँड्र्यू फुलर, केटरिंगचाच पाळक. तोच पुढे सांगत असे की आमचं काम म्हणजे अनोळखी खाणीत उतरण्यासारखं होतं. कॅरी म्हणाला मी उतरतो, पण वर दोर तुम्ही धरायचा. आणि आम्ही तसं वचन दिलं.

ही दोराची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खाण नाही, आमच्या मोठ्या काकांची विहीर दिसली. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचे. एकजण कमरेला दोर बांधून खाली उतरायचा. वर तिघं-चौघं दोर धरून. आणि काठावर एक म्हातारेबाबा बसलेले असायचे. दोराला त्यांचा हात नसायचा. त्यांचं काम एवढंच, की थोड्या थोड्या वेळाने आत डोकवायचं आणि ओरडायचं, “काय रं, बराय का?” खालून “बराय!” असं यायचं. एकदा तसंच “बराय” आलं आणि बाबा एकदम उठून म्हणाले, “ओढा वर, आवाज बराबर न्हाई.” वर काढला तेव्हा तो माणूस पांढराफटक पडला होता. आत हवा कोंदली होती. दोर तर तिघांच्याही हातात घट्ट होता की! पण त्यांना काही कळलं नव्हतं.

कॅरी उतरला, पण त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी उतरत होतं, याचा हिशेब त्या वर्गणीच्या वहीत फारसा नव्हता. डोरोथीला जायचं नव्हतं. ती समुद्र न पाहिलेली खेड्यातली बाई, त्यात गरोदर. तिने स्पष्ट नकार दिला. कॅरी मोठ्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन निघाला. पण कंपनी सरकारचा परवाना नसल्याने त्याला जहाजावरून उतरावं लागलं. दरम्यान ती बाळंत झाली होती. पुन्हा तिची मनधरणी झाली, पुन्हा नकार. मग कॅरीबरोबर निघालेला डॉ. जॉन थॉमस एकटा तिच्याकडे परत गेला आणि म्हणाला, तू आली नाहीस तर हे कुटुंब कायमचं फुटेल आणि तुला आयुष्यभर पस्तावावं लागेल. तेव्हा ती तयार झाली, एका अटीवर: बहीण कॅथरीन सोबत हवी. काही आठवड्यांचं बाळ कडेवर घेऊन, १३ जून १७९३ रोजी, ती एका डॅनिश जहाजावर चढली.

याला संमती म्हणायचं का? मी कितीदा तरी विचार केला आहे. आपल्याकडे पाळकाची, शिक्षकाची, कार्यकर्त्याची बायको ‘साथ देते’ असं आपण फार सहज लिहितो.

बंगालमध्ये पोचल्यावर थॉमसच्या हातून पैसे भराभर संपले. कुटुंब कधी इथे, कधी तिथे. डोरोथी आणि मोठी मुलं रक्ती आवेने हैराण. मग सुंदरबनात एका ओळख नसलेल्या इंग्रज गृहस्थाच्या आसऱ्याला राहिले. कॅथरीनने पुढे त्याच गृहस्थाशी लग्न केलं आणि डोरोथीचा एकुलता आधार सुटला. १७९४ साली कॅरीला मालद्याकडे मुदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली. पोटाची सोय झाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. जातीच्या आणि विटाळाच्या भीतीने खड्डा खणायला, पेटी उचलायला माणसं मिळेनात. ज्या आईने हे पाहिलं तिचं मन त्यानंतर काही महिन्यांत ढळलं. नवरा व्यभिचारी आहे असा भ्रम तिला झाला. ती त्याच्या मागे रस्त्याने ओरडत जाई, अंगावर धावून जाई. शेवटी तिला खोलीत ठेवावं लागलं.

आणि वर दोर धरणारे? कॅरीने इंग्लंडला कळवलं होतं की मला आता पगार आहे, माझ्यासाठी पैसे पाठवू नका. उत्तरात समितीने चिंता व्यक्त केली, की धंद्यात पडून तुमचं मन मूळ कामातून उडू नये! कॅरी फार दुखावला. आता समितीतली माणसं दुष्ट होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. पत्र जायला-यायला कित्येक महिने लागत. पण त्या चिंतेत मला आमच्या बैठकीतला सूर ऐकू येतो. आपण विचारतो, काम नीट चाललंय ना? माणूस नीट आहे ना, हे विचारायचं राहून जातं.

फुलरबद्दल मात्र एक गोष्ट वाचली आणि मी थबकले. संस्था निघाली ऑक्टोबर १७९२ मध्ये. त्याआधी जेमतेम सहा आठवडे, २३ ऑगस्टला, फुलरची पहिली बायको सारा वारली होती. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिचंही मन भ्रमिष्ट झालं होतं. म्हणजे शेजारच्या खोलीतलं ते ओरडणं काय असतं, हे दोर धरणाऱ्यांपैकी त्याला तरी पुरतं माहीत होतं. फुलरने तो दोर मरेपर्यंत सोडला नाही. आपली मंडळी सांभाळून गावोगाव फिरायचा, निधी गोळा करण्यासाठी पाच वेळा स्कॉटलंडला गेला, पत्रं लिहीत राहिला. १८१५ साली तो गेला तेव्हा अतिश्रमाने झिजलेला होता. दोर धरणाऱ्यालाही कुणीतरी विचारायला हवं होतं, नाही का?

१८०० च्या जानेवारीत कॅरी डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपूरला आला आणि तिथे त्याला माणसं मिळाली. जोशुआ मार्शमन, त्याची बायको हॅना आणि छपाईचं काम जाणणारा विल्यम वॉर्ड. ही मंडळी एकत्र कुटुंबासारखी राहिली. एक स्वयंपाक, एक पंगत, एक तिजोरी. कॅरीला १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याचा चांगला पगार मिळू लागला (आधी बंगाली, मग संस्कृत आणि आपली मराठीही). तो सगळा त्या एका तिजोरीत जाई. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसायचं आणि आठवड्याभरात एकमेकांबद्दल मनात जे साठलं असेल ते बोलून मोकळं करायचं, असा त्यांचा नेम होता. रविवारच्या आधी मनं साफ! मला हा नेम फार शहाणपणाचा वाटतो. आमच्याकडे मनात साठलेलं रविवारीच, उपासना संपल्यावर, चर्चच्या फाटकाशी उभं राहून बोललं जातं. आणि ज्याच्याबद्दल असतं तो सोडून सगळ्यांना सांगितलं जातं.

कॅरीची चार मुलं तोवर रानात वाढल्यासारखी झाली होती. आई अशी, बाप भाषांतरात बुडालेला, आणि स्वभावाने रागावता न येणारा. त्या मुलांना हॅनाबाईंनी हाताशी धरलं. त्या स्वतः शाळा चालवायच्या, मोठ्या पंगतीचं स्वयंपाकघर सांभाळायच्या आणि त्यातून ही चार पोरं. फेलिक्सला माणसात आणलं ते मुख्यतः वॉर्डने. आता मला सांगा, १८०५ च्या व्याकरणाच्या पानावर नाव कुणाचं? कॅरीचं. योग्यच आहे. पण त्या पुस्तकामागे वैजनाथ पंडितांची विद्वत्ता आहे, वॉर्डचा छापखाना आहे आणि हॅनाबाईंची चूलही आहे. माझ्या पाच गुणांच्या टिपेत हे काहीच नव्हतं.

डोरोथी ८ डिसेंबर १८०७ रोजी गेली. तिच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. आम्हा नगरकरांना इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येणारच. रेव्हरंड ना. वा. टिळक देवाच्या कामात आणि कवितेत, हातात येईल ते देऊन टाकणारे. आणि घर कसं चाललं हे आपल्याला कळलं ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. त्याही फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्या बोलल्या, हसत हसत बोलल्या, आणि त्यांचं बोलणं ऐकून लिहून घेणारे घरात होते. डोरोथीची स्मृतिचित्रे कुणी लिहून घेतली नाहीत. तिची आपल्याकडे उरली ती नोंदवहीतली फुली.

पुढचं थोडक्यात सांगते. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कागद, टाइप, कितीतरी वर्षांच्या कामाची हस्तलिखितं, सगळं गेलं. बातमी इंग्लंडला पोचताच दोनेक महिन्यांत नुकसान भरून निघेल एवढा पैसा गोळा झाला. आग सगळ्यांना दिसते, तिला मदत भराभर येते. बारा वर्षं शेजारच्या खोलीत जे जळत होतं, त्यासाठी वर्गणी कशी काढणार? फुलरनंतर आलेल्या नव्या समितीशी मात्र मालमत्ता आणि अधिकार यांवरून वाद वाढत गेला. ज्यांनी आपला पगार तिजोरीत टाकला त्यांच्यावरच पैसे साठवल्याचे संशय घेतले गेले, आणि १८२७ साली श्रीरामपूरकर आणि संस्था वेगळे झाले. कॅरी ९ जून १८३४ रोजी वारला. तो वाद मिटायला त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षं लागली.

आता माझी गोष्ट. टाळत होते, पण सांगायला हवी.

चाळीसेक वर्षं झाली असतील. तेव्हाच्या आमच्या पाळकांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळ्या ‘पाळकबाई’ म्हणायचो (त्यांचं नाव किती जणींना माहीत होतं कोण जाणे), हळूहळू बायकांच्या प्रार्थनासभेला येईनाशा झाल्या. मी त्या सभेची चिटणीस होते. सभेत कुणीतरी म्हणालं, “फार शिष्ट आहेत.” मी म्हणाले, “हो ना, आपल्यात मिसळतच नाहीत.” माझं हे वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं. पुढे एका संध्याकाळी पाळकसाहेब स्वतः आमच्या दारात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, “बाई, आठवड्यातून एक-दोनदा घरी येऊन बसाल का? मला गावातल्या भेटींना जावं लागतं. तिला एकटं ठेववत नाही.” माझ्याकडे दहावीच्या पूर्वपरीक्षेचे दोन गठ्ठे होते. मी म्हणाले, “एवढे पेपर संपले की नक्की येते.” पेपर संपले. मी गेले नाही. जूनमध्ये ते कुटुंब गाव सोडून गेलं. नंतर कळलं की बाई कित्येक महिने झोपल्या नव्हत्या, आणि घर सोडताना त्यांना दोघांनी धरून गाडीत बसवावं लागलं.

मी दुष्टपणा केला असं कुणी म्हणणार नाही. मी मंडळीची वर्गणी कधी चुकवली नाही, नाताळला त्यांच्या घरी फराळाचं ताटही पाठवलं होतं. दोराला माझा हात होता. डोकावले तेवढी नाही.

म्हणून आमच्या बैठकीपुढे काय म्हणायचं ते मी या खेपेला कागदावर लिहून काढलं आहे. मोठं काही नाही. रजा द्यावी, आणि पगारी द्यावी. त्या दोन महिन्यांत लग्नं लावायला शेजारच्या गावचे पाळक येतील. मी त्यांना विचारलं आहे, ते हो म्हणाले. आठवड्यातला एक दिवस पाळकांच्या घरची बेल कुणीही वाजवू नये, मरणाधरणाची गोष्ट सोडून. राहत्या घराचं गळणारं छत आधी दुरुस्त करावं, ध्वनिक्षेपक नंतर आणावा. मंडळीबाहेरचं एखादं वडीलधारं माणूस असावं, ज्याच्याजवळ पाळकाला मोकळं बोलता येईल आणि ते फाटकापर्यंत येणार नाही. झोप उडाली असेल तर प्रार्थना करावीच, पण डॉक्टरकडे जायला लाजू नये, आणि गेलेल्याला आपण लाजवू नये. आणि शेवटचं: पाळकाची पत्नी ही आपल्याला फुकट मिळालेली दुसरी पाळक नव्हे. ऑर्गन तिने वाजवावा, शब्बाथ शाळा तिने घ्यावी, पाहुण्यांचा चहा तिने करावा, हे तिला न विचारता आपण कसं काय ठरवून टाकतो?

बैठक येत्या रविवारी आहे. माझा आवाज म्हातारपणामुळे थोडा कापतो, पण वर्गातली सवय आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल.

परवा संध्याकाळी मी पाळकांच्या घरी जाऊन आले. ते कुठेतरी बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नीने चहा केला. धाकटा मुलगा पायात घोटाळत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. छत खरंच गळतं. कोपऱ्यात बादली ठेवलेली होती. निघताना दारात चप्पल घालता घालता मी तिला नावाने हाक मारून विचारलं, “आणि तू कशी आहेस गं?”

“मी ना? ठीक आहे की बाई,” ती म्हणाली.

मला विहिरीवरचे बाबा आठवले. मी चप्पल पुन्हा काढून ठेवली आणि आत जाऊन बसले.